उन्हाळी लागली की क्रॅनबेरी?

आज कळंबोलीतून बोलतेय, आणि विषय असा आहे जो चारचौघांत कुणी काढत नाही. लघवीला जळजळ. घरात म्हणतात ‘उन्हाळी लागली’. त्यामागे जंतुसंसर्ग असेल तर डॉक्टर म्हणतात यूटीआय, म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग. आणि मोबाइलवर शोधलं की सल्ला येतो, क्रॅनबेरी ज्यूस प्या.

तर, खरंच फायदा होतो का? होतो, पण कधी आणि कुणाला, ते नीट ऐका.

हा संसर्ग बहुतेक वेळा ई-कोलाय नावाच्या जिवाणूमुळे होतो. तो असतो आपल्याच आतड्यात. तिथून मूत्रमार्गात आला की केसांसारख्या बारीक तंतूंनी आतल्या भिंतीला चिकटतो. क्रॅनबेरीत प्रोअँथोसायनिडिन नावाची द्रव्यं असतात, ती हे चिकटणं अवघड करतात. पण आधीच चिकटून वाढलेल्या जिवाणूंना ती मारत नाहीत.

२०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ५० अभ्यास एकत्र तपासले, जवळपास ८,९०० लोकांचे. ज्या बायकांना हा त्रास पुन्हा पुन्हा होतो, त्यांच्यात क्रॅनबेरीमुळे धोका साधारण पाव हिश्शाने कमी झाला. लहान मुलांमध्येही फायदा दिसला. गरोदर बायका आणि वृद्धाश्रमांतल्या ज्येष्ठांमध्ये मात्र तसा दिसला नाही. आणि हे सगळं संसर्ग टाळण्याबद्दल आहे. जळजळ सुरू झाल्यावर क्रॅनबेरी हा उपचार नाही.

आता दुकानात काय मिळतं ते बघू. खरी क्रॅनबेरी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, मॅसॅच्युसेट्ससारख्या भागांत पिकते. आपल्याकडे येते ती बहुतेक साखरेत घोळवून सुकवलेली, नाहीतर गोड ज्यूस म्हणून. डबा उलटा करून साखर किती ते वाचा. आणि ‘इंडियन क्रॅनबेरी’ लिहिलेलं दिसलं तर थांबा, ती बऱ्याचदा आपली करवंदं असतात! करवंदं जरूर खा, एप्रिल-मेमध्ये रायगडच्या डोंगरातली तर खाच. पण झाड वेगळं, कूळ वेगळं. क्रॅनबेरीवरचे निष्कर्ष करवंदाला लागू होत नाहीत.

मग स्वस्त उपाय? पाणी! २०१८ मध्ये १४० बायकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या, सगळ्यांना वारंवार त्रास. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा.

पण आपल्या मुली पाणी पीत का नाहीत, हेही बोलू या. कळंबोलीतून मानसरोवर किंवा खांदेश्वर स्टेशन गाठायचं, तिथून सीएसएमटीपर्यंत तासाभराहून जास्त. लोकलमध्ये संडास नाही, स्टेशनवरच्यात जायची हिंमत होत नाही. मग सोपा मार्ग, पाणीच प्यायचं नाही. आलेली लघवी दाबून धरायची. ही काही मुलींची वाईट सवय नाही, सोय नसल्याचा परिणाम आहे. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळ हेच मागतेय: बायकांसाठी स्वच्छ, मोफत मुतारी.

शेवटी कामाचं. जळजळ, सारखी लघवी लागणं, ओटीपोटात दुखणं असं असेल तर डॉक्टरांकडे जा. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा घ्या हवं तर, पण त्याच्या भरवशावर दिवस घालवू नका. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या किंवा लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी जा, संसर्ग किडनीपर्यंत गेलेला असू शकतो. गरोदर असाल, डायबिटीस असेल, तरीही थांबू नका. आणि मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक गोळी स्वतःहून घेऊ नका. लघवीचं कल्चर करायचं असेल तर नमुना औषध सुरू करण्याआधीच द्यायचा असतो. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल, तर क्रॅनबेरी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

त्रास वारंवार होत असेल तर डॉक्टरांशी बोलून क्रॅनबेरी जरूर घ्या. पण पाण्याची बाटली आधी भरा.

हा भाग त्या मैत्रिणीला पाठवा, जी ऑफिसला जाताना पाणी टाळते. तिने स्वतःहून सांगितलं नसेल, तरी पाठवा. भेटू पुढच्या भागात!