शंकूची सावली
(हीरक महोत्सवी शिक्षक-पालक संमेलनातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा गौरव आज अनेकांनी केला. मी मात्र माझ्या एका चुकीविषयी बोलणार आहे.

गेल्या एप्रिलच्या आरंभी आमचे आठवीचे विद्यार्थी इंदूरहून उज्जैनची वेधशाळा पाहायला गेले. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या पाच वेधशाळांपैकी ही एक. 1923 साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तेथील सम्राट यंत्राची तिरपी भिंत उज्जैनच्या अक्षांशाइतकी, सुमारे 23 अंश कललेली आहे. म्हणून तिची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते आणि तिची सावली वेळ सांगते. ते बांधकाम इतके देखणे, की ते शिल्प आहे की यंत्र, असा मुलांना प्रश्न पडला. असेच एक घड्याळ शाळेत करण्याचा हट्ट त्यांनी धरला.

इंदूरच्या अक्षांशाप्रमाणे कोन काढला गणिताच्या सरांनी. एका पालकांनी आपल्या वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी पत्र्याचा शंकू करून दिला. चित्रकलेच्या बाईंनी मुलांकडून फुटक्या फरश्यांचे तुकडे जमवून सिमेंटच्या तबकडीवर देवनागरी अंक जडवून घेतले. जागा मी ठरवली: मैदानातील कडुनिंबाच्या उत्तरेस, सर्वांना दिसेल अशी.

एप्रिलच्या मध्यास घड्याळात बारा वाजले, तेव्हा मनगटावर बारा वाजून सत्तावीस मिनिटे झाली होती. मुले हिरमुसली. तेव्हा भूगोलाच्या बाई मदतीला आल्या. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची. इंदूर त्याच्या पश्चिमेस सुमारे पावणेसात अंशांवर, आणि दर अंशाला चार मिनिटांचा फरक. घड्याळ खरेच बोलत होते. ते इंदूरचा सूर्य सांगत होते.

डिसेंबर आला आणि दुपारी घड्याळ सावलीत बुडाले. उन्हाळ्यात माथ्याजवळ असणारा सूर्य हिवाळ्यात दक्षिणेकडे झुकतो आणि तेव्हा इंदुरात माध्यान्हीची सावली झाडाच्या उंचीएवढी लांब पडते. पुस्तकातले हे ज्ञान मी वर्षानुवर्षे शिकवत आले. जागा निवडताना ते मला आठवले नाही.

कोणीतरी सुचवले, “चार फांद्या छाटू या.” खरे सांगते, मीही क्षणभर मान हलवली. तबकडी हलवायची, तर ती फोडावी लागणार होती आणि मुलांचे काम मातीत जाणार होते. तेव्हा अंक जडवण्यात सर्वांत पुढे असलेली मुलगी म्हणाली, “बाई, घड्याळ पुन्हा करता येईल. झाड कसं करणार?”

मुलांनी झाडाची सावली मापून काढली, ती पोहोचणार नाही अशी जागा शोधली आणि तबकडी फोडली. फोडताना त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होते. नव्या तबकडीत जुने तुकडे पुन्हा बसवले आहेत. प्रवेशद्वाराच्या उजवीकडे ती आपण आज पाहिली असेल.

मित्रहो, त्या दुपारी कोणता तास चालला होता? गणिताचा, भूगोलाचा, चित्रकलेचा की पर्यावरणाचा? वेळापत्रकात त्याला रकाना नाही. उलट परीक्षा जवळ आली, की चित्रकलेचा तास गणिताला देण्याची आमच्याकडे रीत होती, आणि त्या कागदावर सही माझीच असे. ज्या मुलीने झाड वाचवले, ती गणितात मागे आहे. ते तास तिच्याकडून काढून घेतले असते, तर ती त्या तबकडीजवळ उभीच राहिली नसती.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवताना पटसंख्येची चिंता आम्हाला रोज असते. पालक विचारतात, “मराठीत विज्ञान पुढे कुठवर पुरेल?” त्यांना मी त्या घड्याळापाशी नेते आणि मुलांना बोलू देते. अक्षांश, रेखांश, शंकू, छाया हे शब्द त्यांच्या तोंडी आता घरचे झाले आहेत.

म्हणून व्यवस्थापनास माझी दोन मागणी आहेत. आठवड्यातून एकदा सलग दोन तास, दोन विषयांचे शिक्षक एकत्र उभे राहतील, असे वेळापत्रकात राखून ठेवावेत. आणि चित्रकलेचा तास कोणत्याही परीक्षेसाठी घेतला जाऊ नये. यापुढे तशा कागदावर मी सही करणार नाही.