इराण्याचं टेबल
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेबद्दल आज सगळेच बोलणार. म्हणून मी शाळा सुटल्यानंतरच्या एका जागेबद्दल बोलतो. आपल्यातले कितीतरी जण दहावी-बारावीनंतर बदलापूर लोकलला लटकले, ते थेट निवृत्तीलाच उतरले. त्या वर्षांत मुंबईत खिशात चहापुरते पैसे असताना निवांत बसायला एकच जागा होती. इराण्याचं हॉटेल.

इंग्रजांचा 'पब' म्हणजे मुळात 'पब्लिक हाऊस', सगळ्यांचं घर. आपल्याकडे हे काम चहाच्या कपावर झालं. १९४९ मध्ये, म्हणजे कल्याण कॅम्पला उल्हासनगर हे नाव मिळालं त्याच वर्षी, मुंबईचा दारूबंदी कायदा आला. इराणी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून दार उघडून बसला होता. धोबी तलावचं 'कयानी' १९०४ सालचं. व्ही.टी.हून चालत दहा-पंधरा मिनिटं.

यझ्द आणि केरमान भागांतून आलेले हे झरतुष्ट्री. पारशांच्या मानाने अगदी अलीकडे आलेले. कोपऱ्यावरची जागा धंद्याला अशुभ म्हणून इतर व्यापारी टाळत, असं सांगतात. यांनी नेमकी तीच घेतली. दोन रस्त्यांकडे दारं, म्हणून उजेड आणि वारा भरपूर, गिऱ्हाईकही दोन्हीकडून. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बिस्किटांच्या काचेच्या बरण्या, गल्ल्यावर मालक. ब्रून मस्का, पानी कम चाय, मावा केक.

नियमांच्या पाट्याही असत. केस विंचरायचे नाहीत, मोठ्याने बोलायचं नाही. पण कप रिकामा झाला म्हणून सहसा कोणी उठवत नसे. एकाच टेबलाला वकील, टॅक्सीवाला आणि नोकरी शोधणारा पोरगा बसे. बायकामुलांसाठी बऱ्याच ठिकाणी फॅमिली रूम असे. पेपर एक, वाचणारे पाच. मुलाखतीला जाण्याआधी आपण अर्ज तिथेच भरले आणि नकार आल्यावरही पाय तिकडेच वळले.

ही हॉटेलं एकेक करून मिटली. मुलं शिकून दुसऱ्या व्यवसायांत गेली, जागांचे भाव गगनाला भिडले. दोन रुपयांच्या चहावर तासभर बसणारं गिऱ्हाईक त्या भावात कोणाला परवडणार? कयानीसमोरचं 'बस्तानी'ही गेलं.

हे सगळं आज इथे का सांगतोय? आपल्या गावांत घरं वाढली, टॉवर झाले, कॅफेही आले. पण निवृत्त झालेला आपला वर्गमित्र सकाळी स्टेशनच्या पुलावर कठड्याला टेकून उभा दिसतो. गाडी पकडायची नसते. कोणीतरी ओळखीचं भेटेल, एवढ्यासाठी तो आलेला असतो. कॅफेत एकट्याने दीडशे रुपयांची कॉफी घेऊन बसणं त्याला जमत नाही. घरी तो 'आज कोणी भेटलं नाही' असंही म्हणत नाही.

आज मेळावा झाला, फोटो निघाले, स्मरणिका छापली. पुन्हा पाच वर्षांनीच भेटायचं का? माझी संयोजकांना आणि मुख्याध्यापकांना विनंती आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी नऊ ते अकरा, शाळेचा एक वर्ग आपल्यासाठी उघडा ठेवावा. सत्कार नको, सूत्रसंचालन नको. चहाची किटली आणि दोन पेपर पुरेत. पहिल्या वर्षाच्या चहाचा खर्च माझा. सरांनी, बाईंनीही यावं. आणि एक इराणी नियम मात्र पाळू या. कप संपला म्हणून कोणाला उठवायचं नाही.