गच्ची सगळ्यांची, उकाडाही सगळ्यांचा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांचा इतिहास आधीच्या वक्त्यांनी छान सांगितला. पहिली बोअरवेल, पहिला गणपती, सगळं आलं. सचिव मला म्हणाले, ‘काका, तुम्ही बँकेतले, तुम्ही पुढच्या पंचवीस वर्षांचं बोला.’ म्हणून मी आज आपल्या गच्चीबद्दल बोलणार आहे. विषय थोडा कोरडा आहे. पण मे महिन्यात वरच्या मजल्यावर झोपून पाहिलेल्या माणसाला तो कोरडा वाटणार नाही.

आधीच सांगून टाकतो. मी मधल्या मजल्यावर राहतो. मला ना गच्चीचा ताप, ना खालच्या चेंबरचा वास. त्यामुळे माझा यात वैयक्तिक फायदा काही नाही.

आपलं खामगाव पूर्णेच्या खोऱ्यात. बोथ्याचा घाट चढून बुलढाण्याला गेलं की हवा बदलते, हे आपण सगळे जाणतो. आपल्याला मात्र मे महिन्यात ४४-४५ अंश सोसावे लागतात. त्यात आपल्या इमारतीचं छत म्हणजे उघडा काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर जुना कोबा. काँक्रीटचा स्वभाव आमच्या मुदत ठेवीसारखा आहे. दिवसभर ऊन जमा करत राहतो आणि रात्री दहा-अकराला, तुम्ही दिवा मालवून आडवे झालात की, व्याजासकट परत द्यायला लागतो. पंखा लावला तर तीच गरम हवा अंगावर येते. वरच्या मजल्यावरच्या मावशी एकदा मला म्हणाल्या, ‘भाऊ, रातच्या बारा वाजता भितीले हात लावून पाहा, मंग सांगा.’ मी लावून पाहिला. चपाती शेकून नुकताच उतरवलेला तवा असावा, तशी भिंत.

दिवसाचा उकाडा माणूस सहन करतो, कारण रात्री शरीराला निवायला वेळ मिळतो. रात्रही तापलेली राहिली तर म्हाताऱ्या माणसाचं हृदय, लहान मूल, रक्तदाबाचा रुग्ण यांना तो वेळ मिळत नाही. वरच्या आठ घरांत आज सत्तरी ओलांडलेले पाच जण आहेत.

आपल्या आजोबांना हे कळत होतं. या भागातली धाब्याची घरं आठवा. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पाला आणि वर हातभर माती, शेवटी पांढऱ्या मातीचा थर. मृग लागायच्या आत दरवर्षी घरची सगळी माणसं वर चढून ती माती सारखी करायची. खालच्या खोलीत झोपणाराही टोपली उचलायचा. ती जाड माती म्हणजे त्या काळचं इन्सुलेशन. आपण स्लॅब टाकला, माती गेली, आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही.

आता थोडे आकडे. बँकेतला माणूस आकड्यांशिवाय बसत नाही. छताच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना किती वॅट उष्णता जाते, ते मोजण्याचं माप म्हणजे यू-मूल्य. जितकं कमी तितकं घर सुखी. नुसत्या स्लॅबचं यू-मूल्य तीनच्या वर असतं. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको-निवास संहिता’ आणली. तिच्यात नव्या निवासी इमारतींच्या छतासाठी कमाल मर्यादा १.२ ठेवली आहे. आपल्या जुन्या इमारतीवर ती सक्ती नाही. पण उद्दिष्ट म्हणून तोच आकडा समोर ठेवावा. गच्चीवर एक इंच जाडीचा एक्स्पीएस बोर्ड, म्हणजे दाबून बनवलेला घट्ट फोमचा बोर्ड, नीट बसवला तर यू-मूल्य एकच्या आसपास येतं. दीड-दोन इंच केला तर आणखी खाली.

मात्र कामाचा क्रम चुकवू नका. पहिलं काम स्ट्रक्चरल ऑडिट. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढे दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं असतं. आपण त्या वयात आहोत. दुसरं, कोब्यावर कोबा चढवायचा नाही. चार इंची विटांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला जवळपास दोनशे किलो भरतं. तेवढ्याच जागेवरचा दोन इंची फोमचा बोर्ड दोन किलोसुद्धा भरत नाही. जुना कोबा कुठे पोकळ वाजतो ते ठोकून बघा, तेवढा काढा, उतार आणि पावसाळी पाइप दुरुस्त करा, वॉटरप्रूफिंग करा. मग बोर्ड, त्यावर जाळीसकट पातळ काँक्रीट आणि सगळ्यात वर पांढरी फरशी किंवा चायना मोझेक. थर वाढला की कठडा तेवढा बुटका होतो, हेही मोजा. संध्याकाळी गच्चीवर पोरं खेळतात.

आणि कुणी सोलरचं म्हणेल. २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजना आहे, सामायिक वीजवापरासाठी सोसायट्यांनाही तिच्यात अनुदान मिळतं. जरूर करू. पण गच्ची आधी, सोलर नंतर. एकदा सोलरचे स्टँड ठोकले की त्याखालची गळती शोधणं महाकठीण.

आता पैसा. मागच्या सभेत एक प्रश्न आला होता : ‘गच्चीचा उकाडा वरच्यांना, मग खर्च आम्ही का द्यायचा?’ प्रश्न रास्त आहे, उत्तरही ऐका. पावसाळ्यात ड्रेनेजचं चेंबर तुंबलं की घाण पाणी फक्त तळमजल्यावर येतं. त्याचा खर्च वरच्यांनी कधी नाकारला? गच्ची कुणा एकाची नाही, ती सोसायटीची. उपविधींमध्ये गच्ची, कठडा आणि छताची दुरुस्ती सोसायटीच्याच खर्चात धरली आहे. त्यासाठीच दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के ठरलेला आहे. गळती ही दुरुस्ती, पण इन्सुलेशन ही सुधारणा, असं कुणी म्हणू शकेल. म्हणून तो विषय रीतसर सर्वसाधारण सभेपुढे ठेवा आणि बहुमताने ठराव करा. तोंडी होकारावर एक रुपयाही खर्च करू नका.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून पत्र्याची खोली आहे. सामान ठेवायला बांधली होती. गेली काही वर्षं तिथे आपल्या वॉचमनचं कुटुंब राहतं. वर नुसता पत्रा आणि त्याखाली थर्माकोलचं सीलिंग. पत्रा तापायला वेळ लागत नाही आणि थर्माकोल पेटलं की वितळून थेंब थेंब खाली पडतं. वॉचमन तक्रार करत नाही. एवढंच म्हणाला, ‘साहेब, उन्हाळ्यात पोरगं पत्र्याखाली झोपत नाही, जिन्यात येऊन झोपते.’ आपण रात्री येता-जाता त्या पोराला ओलांडून जातो.

कुणी म्हणेल, पत्र्याच्या जागी पफ पॅनल टाकू, खोली थंड होईल. होईलही. पण खोली थंड झाली म्हणजे ती कायदेशीर झाली असं नाही. राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आहे. तिच्याप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर लागते. त्यात चटईक्षेत्राचा हिशोब येतो, सुधारित नकाशा येतो, नगर परिषदेची परवानगी येते. रंग, गिलावा, फरशी अशी साधी दुरुस्ती वेगळी आणि सामानाच्या खोलीची राहती खोली करणं वेगळं. घरपट्टीची पावती हातात आहे म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हे तर मी कर्जाच्या टेबलावर कित्येक जणांना समजावून सांगितलं आहे. मंजूर नकाशात नसलेल्या खोलीची किंमत बँकेच्या मूल्यांकनात शून्य धरतात.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. तिथे उतरत्या छपराखालच्या माळ्याची झोपायची खोली करण्याची फार पद्धत आहे. त्याने घेतलेल्या जुन्या घरातला माळा आधीच्या मालकाने असाच करून घेतला होता. तिथे थंडी अडवायची, इथे ऊन, एवढाच फरक. छताचा नियम तर आपल्या १.२ पेक्षा कितीतरी कडक. त्याने छत उघडून जाड थर भरला, पण काम सुरू करण्याआधी नगरपालिकेच्या इमारत विभागाला कळवलं, निरीक्षकाला दाखवलं आणि शेवटी दाखला घेतला. तो दाखला नसेल तर घर विकताना वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

म्हणून माझ्या तीन सूचना. एक, येत्या मार्चच्या आत वॉचमनच्या कुटुंबाला खाली आणा. तळमजल्यावरची सोसायटीची ऑफिसची खोली मंजूर नकाशातली आहे, तिला खिडकी आहे, शेजारी संडास-बाथरूम आहे. वापर बदलण्याबद्दल नगर परिषदेला आधी पत्राने विचारून घ्या. आपली मीटिंग महिन्यातून एकदा, ती कुणाच्याही हॉलमध्ये होईल. आपल्या फायली कपाटात राहतील, त्यांना उकाडा होत नाही. दोन, यंदाचा उन्हाळा निघावा म्हणून होळीच्या आत गच्चीला पांढरा चुना मारा. खर्च थोडा, उपयोग लगेच. पावसाने धुऊन जातो, पण तोवर मे निघून गेलेला असतो. तीन, ऑडिट करून, तीन कोटेशन मागवून, इन्सुलेशनचा ठराव पुढच्या वार्षिक सभेत आणा. कोटेशनमध्ये बोर्डाची जाडी आणि घनता लिहून घ्या. नुसतं ‘हीटप्रूफिंग’ लिहिलेल्या कागदावर सही करू नका.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण चोवीस कुटुंबांनी एका छताखाली राहायचं ठरवलं. त्यात खालचं-वरचं असं काही नव्हतं. वॉचमन आला तेव्हा पंचविसावं कुटुंब झालं. ऑफिसच्या खोलीची किल्ली सचिवांकडे आहे. रिकामी करायला कपाटं हलवावी लागतील, त्या दिवशी तरुण मुलांनी यावं. मीही येईन, हलकं काहीतरी उचलीन.