अध्यक्षीय भाषण : बदलते प्रोसेसर आणि ड्रायव्हरची सुसंगतता

वीजकेंद्रातील टर्बाइन पंचवीस-तीस वर्षांच्या हिशेबाने बसवतात. तिची मोजमापे दाखवणारा संगणक दहा वर्षांतच जुना ठरतो. दीपनगर वीजकेंद्राच्या आवारात तर २१०, ५०० आणि ६६० मेगावॉट अशा तीन पिढ्यांचे संच उभे राहिले. अशा ठिकाणी संगणक बदलला की धडधाकट इंटरफेस कार्डही निकामी ठरू शकते, कारण त्याचा ड्रायव्हर नव्या यंत्रावर चालत नाही.

ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. अडचणीचे मूळ तिथेच आहे. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅम चालतात, ३२-बिट कर्नल ड्रायव्हर चालत नाहीत. आर्म प्रोसेसरवरील विंडोज इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम अनुकरणाने चालवते. ड्रायव्हर मात्र आर्मसाठीच तयार केलेला लागतो.

या प्रश्नाचा महाराष्ट्रातील ठळक नमुना म्हणजे पुण्याच्या सी-डॅकची परम महासंगणकांची मालिका. १९९१ चा परम ८००० ट्रान्सप्युटरवर उभा होता. पुढे इंटेलचा आय८६० आला, १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क, २००३ मध्ये जगातील पहिल्या पाचशेंच्या यादीत गेलेल्या परम पद्ममध्ये आयबीएमचा पॉवर४, आणि २००८ च्या परम युवामध्ये इंटेल झिऑन. प्रोसेसर बाहेरचे, पण पुढच्या यंत्रांत नोड जोडणारे परमनेट सी-डॅकचे स्वतःचे. या मालिकेचे कौतुक वेगाच्या आकड्यांवरून होते. प्रोसेसर बदलताना जोडणीचे सॉफ्टवेअर टिकवणे ही तितकीच मोठी कामगिरी मानायला हवी.

अशा स्थलांतरात पहिला अडसर बाइटच्या क्रमाचा. अल्ट्रास्पार्क आणि पॉवर४ वरच्या यंत्रणा मोठा बाइट आधी ठेवत. इंटेल लहान बाइट आधी ठेवतो, आणि पीसीआय बसचा क्रमही तोच. चार बाइटमध्ये ठेवलेला ५०० हा आकडा उलट्या क्रमाने वाचला, तर ४,०९,३७,०६,२४० होतो. म्हणून उपकरणाशी होणारी प्रत्येक देवघेव ठरलेल्या क्रमाच्या फंक्शनमधूनच व्हावी लागते.

दुसरा अडसर अधिक फसवा आहे. ड्रायव्हर आधी मेमरीत काम लिहून ठेवतो आणि मग उपकरणाच्या रजिस्टरमध्ये इशारा देतो. इंटेलवर हा क्रम बहुधा आपोआप पाळला जातो. आर्म आणि पॉवरवर मध्ये मेमरी बॅरिअर, म्हणजे क्रम पाळायला लावणारी सूचना नसेल, तर इशारा आधी पोहोचून उपकरण जुनाच मजकूर उचलू शकते. दोष क्वचित उमटतो. इंटेलवरच्या चाचणीत तर तो वर्षानुवर्षे लपून राहतो. अनेक आर्म बोर्डांवर कॅश आणि डीएमए (उपकरणाने थेट मेमरी वापरणे) यांचा मेळही ड्रायव्हरलाच घालावा लागतो. पॉइंटरची लांबी आणि मेमरी पानाचा आकार हे प्रश्न त्यामानाने सरळ. पॉइंटरचे बरेचसे दोष तर कंपायलरच्या सूचना नीट वाचल्या तरी सुटतात.

लिनक्सने यावर काढलेला मार्ग असा : ड्रायव्हरचा सोर्स कर्नलसोबतच ठेवायचा, प्रोसेसरचे वेगळेपण सामाईक फंक्शनांच्या आड न्यायचे आणि तोच सोर्स प्रत्येक आर्किटेक्चरसाठी पुन्हा कंपाइल करायचा. आर्म बोर्डावर कोणते उपकरण कोठे आहे, हे डिव्हाइस ट्री नावाच्या वेगळ्या वर्णनात लिहितात. त्यासाठी ड्रायव्हरला हात लावावा लागत नाही. क्यूईएमयू या अनुकरण करणाऱ्या प्रोग्रॅमवर परक्या प्रोसेसरची प्राथमिक चाचणी होते, पण मेमरीच्या क्रमाचे दोष प्रत्यक्ष यंत्रावरच तपासलेले बरे. फक्त बायनरी देणाऱ्या उत्पादकाच्या ग्राहकाला यातले काहीच करता येत नाही. म्हणून सोर्स किंवा निदान रजिस्टरांचे संपूर्ण दस्तऐवज मिळावेत, ही अट निविदेतच हवी.

जुन्या कार्डांसाठी दोन वाटा राहतात. पहिली, जुना संगणक नेटवर्कपासून तोडून जपणे. सुटे भाग मिळतात तोवरच ती चालते. दुसरी, कार्ड काढून मोजमापे मोडबस गेटवेतून इथरनेटवर आणणे. मग संगणकाला खास ड्रायव्हर लागत नाही. तापमान आणि दाबासाठी गेटवेचा वेग पुरतो. टर्बाइनच्या कंपनाची जलद मोजणी मात्र अशा गेटवेवर सोपवता येत नाही. तिथे नव्या प्रोसेसरसाठी ड्रायव्हर असलेले कार्डच घ्यावे लागते.