तारामतीपासून जब्यापर्यंत : समाज, शाळा आणि पडदा

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



चित्रपट समाजाला बिघडवतो की समाजच चित्रपटाला बिघडवतो, हा वाद मराठी घरांत बोलपटाइतकाच जुना आहे. पहिल्या बाजूने बोलणारे नेहमीच अधिक असतात, कारण त्या बाजूने बोलताना दोष दुसऱ्याच्या पदरात टाकता येतो. निर्माता लोभी, लेखक उथळ, नट-नट्या बेताल. प्रेक्षक तेवढा बिचारा निष्पाप! आजच्या विवेचनात दुसऱ्या टोकाने आरंभ करावयाचा आहे. नाटक, साहित्य आणि चित्रपट यांची मुळे समाजाच्या जमिनीत किती खोल गेलेली असतात, शाळेत आणि घरात काय पेरले गेले म्हणजे पडद्यावर काय उगवते, हे आपल्याच इतिहासातून तपासून पाहता येते.

त्यासाठी एकाच भूमिकेचा प्रवास पाहावा. ‘राजा हरिश्चंद्र’ हा दादासाहेब फाळके यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. फाळके यांनी जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते. छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग, सारे त्यांना अवगत होते. विलायतेस जाऊन त्यांनी यंत्रसामग्री आणली, हरिश्चंद्राची कथा निवडली, राजा मिळाला, विश्वामित्र मिळाला. मिळेना ती तारामती. कुलीन स्त्री तर दूरच राहिली. ज्या वस्तीत प्रतिष्ठित माणूस दिवसाउजेडी पाऊल ठेवीत नसे, तेथील स्त्रियांनीही कॅमेऱ्यासमोर उभे राहण्यास नकार दिला. शेवटी एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर याच साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

याच काळात फाळक्यांच्या घरात काय चालले होते? सरस्वतीबाई फाळके रासायनिक द्रावणे तयार करीत, कोऱ्या फिल्मच्या पट्टीला अंधारात छिद्रे पाडीत, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळीत. भांडवल कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिनेही त्यांनी पुढे केले. पडद्यामागचे एवढे सारे एका स्त्रीच्या हातून होत होते, आणि पडद्यावर मात्र स्त्रीचे रूप पुरुषाने घ्यावयाचे होते. फाळक्यांची इच्छा वेगळी होती, पण समाजाची परवानगी नव्हती. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले, हे खरे, पण त्या मायलेकींना पोटाच्या प्रश्नाने रंगभूमीवर आणलेले होते. त्यांच्या धैर्याचे मोल मोठे असले तरी त्यांच्यामुळे इतर घरांचे दरवाजे उघडले नाहीत.

आता १९३२ सालात यावे. प्रभात फिल्म कंपनीने आपल्या पहिल्या बोलपटासाठी तीच कथा निवडली आणि त्याला नाव दिले ‘अयोध्येचा राजा’. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे. तारामती होत्या दुर्गाबाई खोटे. प्रतिष्ठित घराण्यातल्या, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या. कुजबुज झाली, नावेही ठेवली गेली. पण चित्रपट पाहावयास सहकुटुंब मंडळी गेली. दोन तारामतींमध्ये अंतर अवघे एकोणीस वर्षांचे आहे. हे अंतर कॅमेऱ्याने कापलेले नाही. १८४८ साली फुले दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढली, महर्षी कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभे केले. शेणमाराला आणि बहिष्काराला न जुमानता त्या पिढ्यांनी घातलेली ही पायवाट होती. दुर्गाबाई या संस्थांच्या विद्यार्थिनी नव्हत्या. पण शिकलेली स्त्री चारचौघांत उभी राहू शकते, ही कल्पना समाजाच्या अंगवळणी पाडण्याचे काम या शाळांनी केले. शाळेत पेरलेले चित्रपटगृहात उगवायला असा अर्धशतकाहून अधिक काळ लागतो. मतदानाच्या निकालाप्रमाणे संस्कृतीचे निकाल पाच वर्षांत लागत नाहीत. कार्यकर्त्याने हे विशेषत्वाने लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण अधिक रसाळ आहे. १९३६ सालच्या डिसेंबरात ‘संत तुकाराम’ मुंबईत प्रदर्शित झाला आणि एकाच चित्रपटगृहात सत्तावन्न आठवडे चालला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक दोघे : विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. प्रभातमध्ये एकाला दामलेमामा आणि दुसऱ्याला साहेबमामा म्हणत. दामल्यांकडे ध्वनी आणि तंत्र, फत्तेलाल यांच्याकडे कलादिग्दर्शन. देहूचे घर, इंद्रायणीचा काठ, तुळशीवृंदावन हे सारे ज्याच्या कुंचल्याने उभे राहिले तो कलावंत मुसलमान होता, आणि त्याचे त्या काळी कोणाला आश्चर्यही वाटले नाही. या मातीत वाढलेल्या माणसाला तुकोबा परके नसतात.

या चित्रपटाला एवढे यश का मिळाले, याची चर्चा करताना जाणकार अभिनयाकडे आणि छायाचित्रणाकडे बोट दाखवतात. ते योग्यच आहे. परंतु या चित्रपटाचा प्रेक्षक त्याच्या निर्मितीच्या तीनशे वर्षे आधीपासून घडत होता, हे सहसा कोणी मांडत नाही. कीर्तन हे महाराष्ट्राचे खरे लोकविद्यापीठ. नारदीय कीर्तनाचे अंग पाहावे. पूर्वरंगात एखादे पद घ्यावयाचे, त्याचे निरूपण करावयाचे. मध्यंतरी नामघोष, बुक्का, हार. मग उत्तररंगात त्याच विचाराच्या पुष्टीसाठी आख्यान लावावयाचे. कीर्तनकार एकटाच. क्षणात राजा, क्षणात भिकारी, क्षणात रडणारी आई. गाणे कोठे संपले आणि बोलणे कोठे सुरू झाले ते श्रोत्याला कळू नये, यातच त्याचे कौशल्य. ज्या श्रोत्याने हे गावोगावच्या देवळांत, कंदिलाच्या उजेडात वर्षानुवर्षे ऐकले होते, तोच पडद्यासमोर येऊन बसला. गाण्याने कथा थांबत नाही, गाण्यातूनच ती पुढे सरकते, ही गोष्ट त्याला कोणी शिकवावी लागली नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनीही १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणताना साकी, दिंडी यांसारख्या चाली याच परिचित कानांच्या भरवशावर योजल्या होत्या.

या कानाची परीक्षा एकदा फार गमतीदार रीतीने झाली. ‘संत तुकाराम’मधील बहुतेक रचना तुकोबांच्याच, एक मात्र शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी नव्याने लिहिली. ती इतकी बेमालूम उतरली की, हा अभंग गाथेत कोठे सापडतो, अशी विचारणा अभ्यासू मंडळींकडूनच झाली! आठवले यांच्या प्रतिभेचे श्रेय त्यांना आहेच. पण विसाव्या शतकातल्या तरुण कवीला सतराव्या शतकाची भाषा अशी सहज बोलता येते, याचा अर्थ ती भाषा त्याच्या भोवती तेव्हाही जिवंत होती. घरात हरिपाठ, गल्लीत भजन, शाळेत अभंगाचे पाठांतर. विष्णुपंत पागनीस एरवी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट; या चित्रपटानंतर अनेक घरांतल्या तसबिरींमधील तुकोबांना त्यांचाच चेहरा मिळाला.

आणि जिजाई! गौरी या नटीने उभी केलेली ती रागीट, कष्टाळू, भुकेल्या लेकरांची आई. मूल आजारी पडते तेव्हा ती पायताण हाती घेऊन पांडुरंगाला जाब विचारायला देवळात शिरते. प्रेक्षक हसले, रडले. कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. देवाशी भांडण्याची सलगी नामदेव-जनाबाईंनी या समाजाला आधीच देऊन ठेवली होती. आज नव्याने कोणी असा प्रसंग रंगवला तर तो तितक्या मोकळेपणाने पाहिला जाईल काय, याचा विचार या सभागृहातील प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा. ज्या समाजाची श्रद्धा रोजच्या सरावातली असते, तो असा प्रसंग पाहून दचकत नाही.

साहित्य आणि समाजसुधारणा यांचेही असेच धागे आहेत. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ सालचे. धनाच्या लोभाने कोवळ्या मुलीला जरठाच्या गळ्यात बांधू पाहणारा कांचनभट महाराष्ट्राने पाहिला आणि तो ओळखीचा निघाला. १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. त्याचे प्रवर्तक हरबिलास सारडा. त्यांच्या आडनावावरून त्याला पडलेले ‘शारदा कायदा’ हे नाव मराठी माणसाला देवलांच्या नायिकेवरूनच आले असे वाटावे, हा योगायोग मोठा बोलका आहे. पुढे १९३७ साली नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ आला. शारदेची सुटका इतरांना करावी लागली होती. ‘कुंकू’तील नीरा स्वतःच उभी राहते. शांता आपटे यांची ही नीरा चित्रपटात एक इंग्रजी कविताही गाते. शारदेच्या तोंडी इंग्रजी कविता कोणी कल्पिली नसती. मधल्या काळात मुली शाळेत गेल्या होत्या, एवढेच त्याचे उत्तर.

साने गुरुजींचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. अंमळनेरच्या शाळेतला आणि छात्रालयातला हा शिक्षक. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी तिचा चित्रपट केला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. तो सर्वोच्च राष्ट्रीय मान पुन्हा एका मराठी चित्रपटाकडे येण्यासाठी ‘श्वास’ची, म्हणजे सुमारे पन्नास वर्षांची वाट पाहावी लागली.

येथवरचा इतिहास सुखद आहे. परंतु समाज कलेला घडवतो हे मान्य केले की, समाजाचे न्यूनही पडद्यावर येणार हे मान्य करावे लागते. १९३५ साली प्रभातनेच संत एकनाथांवर ‘धर्मात्मा’ काढला. मूळ नाव ‘महात्मा’. त्यातून गांधीजींची आठवण होते म्हणून इंग्रजी राजवटीत ते बदलावे लागले. अस्पृश्याच्या घरी पानावर बसणारे नाथ त्यात बालगंधर्वांनी रंगवले. प्रेक्षकांनी हात जोडले. त्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, २०१३ साली, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. त्यातला जब्या शाळकरी मुलगा. गावातले डुक्कर पकडण्याचे काम त्याच्या घराण्याच्या माथी मारलेले. डुक्कर बांधून खांद्यावरून नेताना मागे शाळेची भिंत दिसते, आणि त्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, बाबासाहेब यांची चित्रे रंगवलेली आहेत. शाळेने महापुरुष भिंतीवर काढले. त्यांचा विचार गावात उतरवला नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो.

काही मंडळींना हा दगड बोचला. ‘समाजाची वाईट बाजूच का दाखवता?’ असे म्हटले गेले. पण एकनाथांचे चरित्र भक्तिभावाने पाहणाऱ्या समाजाने मधल्या पाऊणशे वर्षांत जब्याच्या घरी पाणी प्यायला किती वेळा पाऊल टाकले, याचा हिशेब मांडल्याशिवाय ही तक्रार करण्याचा अधिकार पोहोचत नाही. ‘फँड्री’ हा ‘धर्मात्मा’चा विरोधक नाही, नाथांनी उचललेला प्रश्नच तो पुढे विचारतो आहे.

आता घराघरांतल्या तक्रारीकडे वळावे. मालिका पाहवत नाहीत, मराठी चित्रपटाला प्रेक्षक नाही, मुले वाचत नाहीत. या तक्रारी करणाऱ्या बहुतेक घरांतील मुले मराठी माध्यमात नाहीत. इंग्रजी शिकण्यात काहीही गैर नाही. नीरेने तेच केले. परंतु नीरेच्या घरी मराठी होती. २०२० साली राज्याने सर्व शाळांतून मराठी सक्तीची करणारा कायदा केला, त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हे तिन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. पण कायद्याने तासिका मिळते, कान मिळत नाही. प्रभातच्या पुण्यातील आवारात १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू केली. तेथे दिग्दर्शक घडतात, छायाचित्रकार घडतात. प्रेक्षक घडवणारी संस्था कोणतेही सरकार काढू शकणार नाही. ती घरात असते, देवळाच्या सभामंडपात असते, शाळेच्या परिपाठात असते.

निदर्शने करणे, बंदी मागणे याला एक दुपार पुरते. कीर्तन समजणारी एक पिढी तयार करण्यास वीस वर्षे लागतात, आणि त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही. म्हणूनच बहुधा पहिले काम करणारे पुष्कळ असतात.

या संदर्भात एक साधा उपक्रम सुचवावासा वाटतो. ‘संत तुकाराम’ सव्वादोन तासांच्या आत संपतो. एखाद्या शनिवारी शाळेत तो दाखवता येईल. त्याआधी गावातल्या एखाद्या कीर्तनकारास अर्धा तास बोलवावे; त्याने मुलांना एखादा अभंग चालीवर म्हणून दाखवावा, अडलेले शब्द उलगडून सांगावेत. मग दिवे मालवावेत. चित्रपट संपल्यावर भाषण करू नये, मुलांनाच बोलू द्यावे. तुकोबांपेक्षा जिजाईची बाजू घेणारी मुले बहुधा अधिक निघतील. त्यांचे म्हणणे मध्ये न टोकता ऐकून घ्यावे.