होडी खाडीत, घर डोंगरात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही डोंगरात घर बांधलेत आणि त्याच वेळी खाडीतली जुनी होडीही दुरुस्त केलीत, त्याची हकीकत सांगा." भाषण करण्याची मला सवय नाही. पण वाती वळताना आपण जशा बोलतो तसे चार शब्द बोलते, ते गोड मानून घ्यावेत.

२२ जुलै २०२१ चा दिवस चिपळुणात कोणीच विसरलेले नाही. वरून पाऊस, खालून खाडीची भरती आणि मध्ये फुगलेल्या वाशिष्ठी व शिव नद्या. आमच्या घरात पाणी माळ्याला लागले. पाणी ओसरल्यावर हे म्हणाले, "आता खाली राहायचे नाही." कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, शिरगाव-पोफळीच्या बाजूला आमची वडिलोपार्जित थोडी उताराची जमीन होती. तेथे घर बांधायचे ठरले.

पण सासूबाईंचे मन तयार होईना. मामंजींची एक शिडाची होडी होती, अठरा हात लांब. एके काळी दाभोळहून भरतीबरोबर गलबते गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत येत आणि तेथून माल घाटावर कराडकडे जाई. ती वाहतूक केव्हाच संपली, तरी मामंजींनी होडी शेवटपर्यंत चालवली. सासूबाई नवरी होऊन आल्या त्याही याच होडीतून. मामंजी गेल्यावर ती खोपीत पडून होती, पण दर वर्षी पावसाळ्यापूर्वी सासूबाई ती आंब्याच्या बुंध्याला दोराने बांधायला लावीत. म्हणूनच ती पुरात वाहून गेली नाही. चिखलाने भरली, पण जागच्या जागी राहिली.

पुढे एका गिऱ्हाइकाने जुन्या सागाच्या फळ्यांसाठी ती मागितली. तेवढ्या पैशात नव्या घराची दारे-खिडक्या झाली असती. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "होडी मोडलीत तर मी वर येणार नाही."

दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. यांचेही चूक नव्हते. पुराने होते नव्हते ते नेले होते आणि पैसा तोलून खर्च करायचा होता. शेवटी मीच म्हटले, "दारांना काही दिवस पडदे लावू, पण घरातले माणूस खाली ठेवून वर जायचे नाही." माझ्या पाटल्या मोडल्या आणि होडीचे काम काढले.

दाभोळकडचे एक वृद्ध तांडेल आले. त्यांना आम्ही चाचा म्हणत असू. त्यांनी हातोडीने एकेक फळी ठोकून पाहिली. खणखणीत वाजली ती चांगली, बद्द वाजली ती कुजलेली. जेथे लोखंडी खिळे गंजले होते, तेथे भोवतालचे लाकूडही काळे पडले होते. तेवढ्या फळ्या बदलल्या, बाकीच्या राखल्या. मग फटी भरण्याचे काम. दोन फळ्यांच्या सांध्यात कापसाचा पिळा बोथट पटाशीने ठोकून बसवतात, त्यावर राळ आणि तेल कढवून भरतात. चाचांना पिळे एकसारखे हवे होते. सासूबाई पुढे झाल्या. जन्मभर देवाच्या वाती वळलेले हात ते! त्यांनी आणि मी मिळून ते सारे पिळे वळले. चाचा म्हणाले, "भाभी, असा पिळा मला बाजारात मिळाला नसता." सासूबाई त्या दिवशी पुरानंतर प्रथमच हसल्या. जाड सुती कापडाचे शीडही आम्ही घरीच दुहेरी शिवणीने शिवले.

तिकडे डोंगरात जोत्याचे काम चालू होते. डोंगरात घर म्हणजे पुराची भीती गेली, पण दुसरी भीती आली. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडले गेले. आपल्याकडे पूर आला त्याच दिवशी महाडजवळच्या तळियेवर दरड आली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. म्हणून आम्ही जाणकाराला जमीन दाखवूनच काम सुरू केले. सपाटीसाठी उतार खोल कापला नाही, घरच दोन पायऱ्यांचे केले. घराच्या वरच्या अंगाला आडवा चर खणून डोंगराचे पाणी बाजूने ओढ्यात सोडले. मागच्या बांधाला जागोजाग भोके ठेवली, कारण आत पाणी तुंबले की चांगली भिंतही ढकलली जाते. आंबा, फणस तोडले नाहीत, बांधावर वाळा लावला. भिंती चिऱ्याच्या, वर कौले.

सकाळी डोंगरात, दुपारी खाडीवर असे हेलपाटे घालताना माझ्या ध्यानात आले की, दोन्हीकडे काम एकच आहे. पाण्याची वाट ओळखायची. होडीत त्याची वाट बंद करायची आणि डोंगरात त्याला वाट करून द्यायची. पाण्याशी भांडून कोणी जिंकत नाही. वेळेवर सांधे आणि चर पाहणारा मात्र निभावून जातो.

२०२३ च्या नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात लोटली. पहिल्या दिवशी तळाला पाणी भरले, तेव्हा माझा जीव खाली-वर झाला. चाचा शांत होते. सुकलेले लाकूड आधी पाणी पिते, मग फुगते आणि सांधे आपोआप घट्ट होतात. तसेच झाले. तिसऱ्या दिवशी पाणी उपसले ते पुन्हा फारसे आले नाही. चाचांनी शीड चढवले, सासूबाईंना मधल्या फळीवर बसवले आणि वाऱ्यावर दूरवर नेऊन आणले. परत आल्यावर त्यांनी नाळेला हळदकुंकू लावले आणि मला म्हणाल्या, "आता घर केव्हा होते ते सांग."

२०२४ च्या अक्षय्यतृतीयेला आम्ही वर राहायला गेलो. होडी माझा धाकटा दीर सांभाळतो. परवाना काढून, प्रत्येकाला तरंगते जाकीट घालून तो पाहुण्यांना खाडीतल्या मगरी दाखवतो. होडी तिच्या दुरुस्तीपुरते कमावते. नव्या घराच्या दोन खोल्यांना अजून पडदेच आहेत, पण त्यामुळे कोणाचे काही अडलेले नाही.

भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळजणी पुरानंतर घर उंचावत आहेत किंवा जागा बदलत आहेत. त्यांना माझी दोनच विनंत्या आहेत. डोंगरावर जात असाल तर मे महिन्यात चर उपसा. जमिनीला नवी भेग दिसली, झाड कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा दार विनाकारण अडकू लागले, तर सामानाकडे न पाहता बाहेर पडा. आणि घरातली जुनी वस्तू मोडीत काढण्यापूर्वी तिच्याशी कोणाचा जीव जडला आहे का, हे एकदा विचारा. भिंती पैशाने उभ्या राहतात, पण घरातले वडीलधारे माणूस आनंदाने उंबरठा ओलांडून आत आले, म्हणजेच वास्तुशांत झाली असे मी समजते.