एक कोपर, 60 दिवस

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. रेसमध्ये जॉकीने दांडगाई केली तर त्याला शिक्षा कोण करतं, आणि ती पुरेशी असते का? आज त्यावरच बोलू. नेहमीसारखंच आधी एक प्रसंग सांगतो, मग नियमांकडे वळतो. नुसते नियम वाचून दाखवले तर तुम्ही पाचव्या मिनिटाला मला बंद करून भाजी चिरायला लागाल.

30 सप्टेंबर 2022, शुक्रवार. पॅरिसजवळचं सां-क्लू रेसकोर्स, दोन वर्षांच्या घोड्यांची शर्यत. ख्रिस्तोफ सुमियाँ हा बेल्जियन जॉकी सायरॉस नावाच्या घोड्यावर होता. साधासुधा माणूस नव्हे हा. 2003 मध्ये दलाखानीवर आणि 2008 मध्ये झरकावावर त्याने आर्क जिंकली होती. आर्क म्हणजे फ्रान्सची सगळ्यात मोठी शर्यत. शिवाय आगाखान यांच्या घोड्यांचा तो पहिला जॉकी. त्याच्या शेजारून आयरिश जॉकी रॉसा रायन चालला होता. दोन्ही घोडे अगदी खेटून. आणि सुमियाँने डावा-उजवा विचार न करता कोपर काढलं आणि रायनला ढकललं. रायन चालत्या घोड्यावरून खाली.

आता हे 'चालत्या' म्हणजे काय, ते लक्षात घ्या. रेसचा घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा असतो आणि ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावतो. जॉकी खोगिरावर बसलेला नसतो, रिकिबीत पायाचे चवडे टेकवून अधांतरी वाकलेला असतो. त्याला पाडायला फार जोर लागत नाही. मागून घोडे येत असतील तर पुढे काय होईल, ते मी सांगायला नको. रायनचं नशीब बलवत्तर, त्याला गंभीर इजा झाली नाही.

स्टुअर्डांनी सुमियाँला 60 दिवसांची बंदी घातली. व्हिडिओ जगभर फिरला, लोक म्हणाले, एवढीच? पण खरी मेख पुढे आहे. बंदी लागू होणार होती 14 ऑक्टोबरपासून. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी बंदी सुरू, असं तिथे नसतं, मधे काही दिवस जाऊ देतात. आणि आर्क होती दोनच दिवसांनी, 2 ऑक्टोबरला! तर शुक्रवारी सहकाऱ्याला घोड्यावरून पाडणारा माणूस रविवारी लाँगशाँला, सगळ्या जगासमोर, आगाखानांच्याच वादेनीवर बसला आणि दुसरा आला. अल्पिनिस्टा जिंकली, तिच्यावर ल्यूक मॉरिस होता. थोडं इकडचं तिकडे झालं असतं तर आर्कचा विजेता म्हणून सुमियाँचेच फोटो छापून आले असते.

माझं स्पष्ट मत सांगतो. बंदी किती दिवसांची, यापेक्षा ती कधीपासून, हा प्रश्न मोठा आहे. धक्काबुक्की, अडवणूक, नजरचुकीने झालेली आडकाठी, अशा गोष्टींसाठी मधले दिवस ठीकच आहेत. मालकाने जॉकी ठरवलेला असतो, अपिलाला वेळ हवा असतो. पण हाताने माणूस पाडला, तेव्हा त्याला त्याच संध्याकाळपासून घरी बसवायला काय हरकत होती?

स्टुअर्डांच्या शिक्षेपेक्षा मोठा दणका बसला तो मालकाकडून. काही दिवसांतच आगाखान यांच्या स्टडने त्याच्याशी असलेला करार संपवला. साठ दिवस निघून जातात, अशी नोकरी पुन्हा मिळत नाही. जाता जाता सांगतो, 2025 च्या आर्कमध्ये सुमियाँ मिनी हॉकवर होता आणि अगदी थोडक्यात हरला. कोणाकडून? दारीझ नावाच्या घोड्याकडून. आणि दारीझ आगाखानांच्याच रंगात धावत होता. नियतीला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं?

बरं, आता याच माणसाची दुसरी गोष्ट ऐका. 2011 चा ऑक्टोबर, ब्रिटनमध्ये. तिथे चाबकाचे नवे नियम आले होते: सपाट शर्यतीत एकूण सात फटके, त्यातले शेवटच्या फर्लांगात, म्हणजे साधारण शेवटच्या दोनशे मीटरमध्ये, पाचच. नियम येऊन आठवडाही झाला नव्हता. अ‍ॅस्कटला चॅम्पियन स्टेक्स, सुमियाँ सिरस देझेग्लवर. जिंकला. पण शेवटच्या फर्लांगात एक फटका जास्त झाला. एक! पाच दिवसांची बंदी आणि बक्षिसातला त्याचा वाटा जप्त, सुमारे पन्नास हजार पौंड. जॉकींनी इतका आरडाओरडा केला की महिना संपायच्या आत तो शेवटच्या फर्लांगाचा नियम बदलावा लागला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. घोड्याला एक फटका जास्त मारला तर पन्नास हजार पौंड, आणि माणसाला कोपराने पाडलं तर रविवारी आर्क. देश वेगळे, नियम वेगळे, मान्य आहे मला. पण शिस्त नावाची गोष्ट किती ओबडधोबड असते ते कळतं.

चाबकाचं पुढेही बरंच झालं. 2023 पासून ब्रिटनमध्ये सपाट शर्यतीत सहा फटके आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात, एवढीच मुभा आहे. त्याहून चार किंवा जास्त झाले तर घोडाच बाद. म्हणजे आता मालक, ट्रेनर आणि ज्याने तिकीट घेतलं तो, सगळेच गोत्यात. मला हे आवडतं. बंदीचे पाच दिवस जॉकी हिशेबात धरू शकतो. मोठी शर्यत जिंकली तर पाच दिवस बसायला काय जातंय? घोडाच बाद होणार म्हटल्यावर हा हिशेब जुळत नाही.

आता जरा आपल्याकडे येऊ. महालक्ष्मीला 1883 पासून रेसकोर्स आहे आणि पावसाळ्यात सीझन पुण्यात असतो, हे तुम्हाला माहीतच आहे. तिथे कधी उभे राहिला असाल तर 'ऑब्जेक्शन'ची घोषणा ऐकली असेल. तिकिटं फाडू नका, जपून ठेवा, असं सांगतात. तेवढ्या वेळात आत स्टुअर्ड समोरून आणि बाजूने घेतलेलं चित्रण बघत असतात. तो घोडा सरळ धावत होता का? आत कधी वळला? वळला की वळवला? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. घोडा दमला की आपोआप आत झुकतो. जॉकीने त्याला सावरायचा प्रयत्न केला, की तसाच मारत राहिला, यावर निष्काळजी, गैर की धोकादायक, हे ठरतं.

पण आपल्या पब्लिकला धक्क्याबिक्क्याचं फारसं पडलेलं नसतं. त्यांची तक्रार एकच: 'घोडा ओढला!' फेव्हरिट हरला की रेलिंगपाशी हाच घोष. आणि हा आरोप खरा असेल तर सगळ्यात गंभीर आहे. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. या खेळावरची पैज जुगार ठरत नाही ती त्यामुळे. म्हणजे जॉकीने जीव तोडून घोडा पळवायचा, हे कायद्याच्या दृष्टीनेही पायाचं आहे. तोच ढिला पडला तर कौशल्य कसलं राहिलं?

अडचण अशी, की हे सिद्ध करणं महाकठीण. कीरन फॅलनचं उदाहरण घ्या. ब्रिटनचा सहा वेळा चॅम्पियन झालेला जॉकी. मार्च 2004 मध्ये लिंगफिल्डला बॅलिंजर रिजवर तो कितीतरी पुढे होता, मागे वळून बघितलं, घोडा सैल सोडला आणि अगदी शेवटी मागच्या घोड्याने त्याला गाठलं. बंदी 21 दिवस. ही झाली ढिलाईची शिक्षा, तिथे हेतू सिद्ध करावा लागत नाही. पुढे मात्र त्याच्यावर आणि इतरांवर शर्यती फिक्स केल्याचा फौजदारी खटला उभा राहिला, लंडनच्या ओल्ड बेलीत. 2007 च्या डिसेंबरमध्ये तो कोसळला. का? तर ज्या शर्यती त्याने मुद्दाम हरल्या असा आरोप होता, त्यांत त्याच्या जिंकण्याचं प्रमाण त्याच्या नेहमीच्या प्रमाणापेक्षा जास्त निघालं! आणि सरकार पक्षाने तज्ज्ञ म्हणून आणलेला माणूस ऑस्ट्रेलियाचा. आपण ब्रिटिश नियमांचे जाणकार नाही, हे त्याने कोर्टात कबूल केलं. काय बोलणार?

म्हणून मला वाटतं, 'ओढला' म्हणून ओरडण्यापेक्षा 'पूर्ण जोर का लावला नाही' एवढंच विचारावं. त्याचं उत्तर चित्रणात दिसतं. मनात काय होतं ते दिसत नाही.

एक शेवटचं प्रकरण, आणि हे शर्यतीत घडलेलं नाही. ब्रायनी फ्रॉस्टने 2020 च्या डिसेंबरात फ्रोडॉनवर किंग जॉर्ज जिंकली, ती जिंकणारी पहिली स्त्री. त्याच सुमाराला ती तक्रार घेऊन उभी होती की रॉबी डन हा सहकारी जॉकी तिला सतत हिणवतो, धमकावतो. डिसेंबर 2021 मध्ये शिस्त समितीने डनला 18 महिन्यांची बंदी घातली, त्यातले तीन महिने स्थगित. अपिलात ती दहा महिन्यांवर आली. तरी बघा, कोपराला दोन महिने आणि छळाला दहा. अनेकांना हे उलटं वाटलं. मला नाही वाटलं. कोपर एका क्षणाचं होतं, हे कित्येक महिने चाललं. आणि जॉकींच्या खोलीत सगळ्यांना माहीत असून कोणी बोललं नाही. समितीने त्या खोलीतल्या वातावरणावरही ताशेरे ओढले, तेव्हा जॉकींची संघटनाच समितीवर चिडली! तक्रार करणारीला एकटं पाडण्याची जी रीत असते ना, ती कॅमेऱ्यात येत नाही. तिथे स्टुअर्डांच्या दुर्बिणीचा काही उपयोग नाही.

पुढच्या भागात वजनाबद्दल बोलू. जॉकी काय खातात, खरं तर काय खात नाहीत, आणि घोड्याच्या पाठीवर शिशाचे तुकडे का ठेवतात ते. प्रश्न असतील तर पाठवा.